बायकोचा नवा दवाखाना आणि इन्शुरन्सचं पॅनेल: क्रेडेन्शियलिंग बाहेर द्यावं का?

एडिसनकर | ९ मार्च

नमस्कार मंडळी. विषय कोरडा आहे, पण इथे या क्षेत्रातले बरेच जण आहेत म्हणून धागा काढतोय.

बायको इंटर्नल मेडिसिनची डॉक्टर. सोळा वर्षं दुसऱ्यांच्या ग्रुपमध्ये नोकरी केली, आता इथेच, न्यू जर्सीत, स्वतःचा दवाखाना काढतेय. जागा ठरली, १ जूनपासून भाडं सुरू. मी आयटीवाला, त्यामुळे "कागदपत्रं तू बघ" असं फर्मान निघालंय.

माझी समजूत अशी होती की ती सोळा वर्षं याच इन्शुरन्सवाल्यांचे पेशंट बघतेय, त्यांच्याकडे तिची कुंडली आहेच, फक्त पत्ता बदलून द्यायचा. गेल्या आठवड्यात कळलं की तसं नसतं. जुनी सगळी काँट्रॅक्ट्स ग्रुपच्या टॅक्स आयडीवर. नवी कंपनी, नवा टॅक्स आयडी, म्हणजे इन्शुरन्सच्या दृष्टीने ही बाई काल जन्माला आली.

कंपनीसाठी एनपीआय नंबर (डॉक्टर-दवाखान्यांचा देशभर चालणारा ओळख क्रमांक) काढला आणि दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. दिवसाला सात-आठ. "सर, वुई डू क्रेडेन्शियलिंग." म्हणजे डॉक्टरला इन्शुरन्स कंपन्यांच्या यादीत, पॅनेलवर, घालून द्यायचं काम. तिघांकडून दर मागवले. एक म्हणतो दर इन्शुरन्समागे २५० डॉलर, दुसरा आठ कंपन्यांचे मिळून १,८००, तिसरा दर कंपनीमागे फक्त ९९. हा तिसरा एकदम गोड बोलतो. म्हणाला, मंजुरी येईपर्यंत आपण ओळखीच्या दुसऱ्या डॉक्टरच्या नावाने क्लेम पाठवू, सगळे करतात.

काम बाहेर द्यावं की घरी करावं? दिलं तर काय बघून द्यावं?

सातारी_कंदी_पेढा | ९ मार्च

मला यातलं काहीच कळत नाही, तरी विचारतो. डॉक्टरकडे लायसन आहे ना? मग विमा कंपनीला आणखी काय हवं? आमच्याकडे कॅशलेससाठी हॉस्पिटलचं एम्पॅनलमेंट होतं, महात्मा फुले योजनेतही हॉस्पिटलच जोडलेलं असतं. प्रत्येक डॉक्टरने प्रत्येक कंपनीच्या दारात उभं राहायचं हे नवलच.

खडूस_काका | १० मार्च

नवल काय त्यात. सातबाऱ्यावर नाव चढवायला तलाठ्याकडे खेटे घालावे लागतात म्हणून पोरं देश सोडून गेली, आणि तिकडे जाऊन बघतात तर तलाठी हजर. सरकारी काम आणि सहा महिने थांब! फरक एवढाच की तिकडचा तलाठी खाजगी आहे आणि फोनवर गाणी लावतो.

एडिसनकर, तुम्ही बायकोचा सोशल सिक्युरिटी नंबर, जन्मतारीख, सही, सगळं कुठल्या तरी ९९ डॉलरवाल्याला देणार? तो तुमच्याशी बोलतो टेक्सासच्या नंबरवरून आणि बसलेला असतो हिंजवडीत.

रातराणी | १० मार्च

हिंजवडीत नाही, काका, खराडीत. 🙂

नऊ वर्षं हेच काम करतेय. रविवारी तुमची घड्याळं पुढे सरकली, त्यामुळे कालपासून आमची शिफ्ट संध्याकाळी साडेपाचला सुरू. आत्ता अडीचला सुटले, कॅबमधून लिहितेय. मोठा प्रतिसाद आहे, चालवून घ्या.

सातारकर, तुमच्या प्रश्नापासून. तिकडे दोन वेगळी कामं आहेत आणि लोक दोन्हींना एकच नाव देतात. क्रेडेन्शियलिंग म्हणजे डॉक्टरची पडताळणी. त्यातला नियम असा की डॉक्टरने दिलेल्या झेरॉक्सवर विश्वास ठेवायचा नाही, मूळ ठिकाणी विचारायचं. लायसन स्टेट बोर्डाकडे, प्रशिक्षण स्पेशालिटीच्या बोर्डाकडे किंवा रेसिडेन्सी (पदव्युत्तर प्रशिक्षण) केली त्या हॉस्पिटलकडे. पूर्वी खटले झालेत का ते नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँकेत. ही बँक १९९० पासून आहे, एका राज्यात लायसन गेलेला डॉक्टर गुपचूप दुसऱ्या राज्यात दुकान थाटायचा, ते थांबवायला. सरकारी योजनांतून काढून टाकलेल्यांची यादी वेगळी, ती पण बघायची. मग कंपनीची समिती बसते आणि हो-नाही ठरवते. एकदा झालं की साधारण ३६ महिन्यांनी पुन्हा.

एनरोलमेंट आणि काँट्रॅक्टिंग हे दुसरं काम. पडताळून झालेल्या डॉक्टरला कुठल्या टॅक्स आयडीखाली, कुठल्या पत्त्यावर, कुठल्या दराने पैसे द्यायचे याची नोंद.

एडिसनकर, वहिनींचं पहिलं काम बहुतेक ठिकाणी झालेलं आहे. अडकलंय दुसरं. म्हणून कोणी "आठ कंपन्यांचं क्रेडेन्शियलिंग पहिल्यापासून" म्हणून पैसे मागत असेल तर आधी विचारा, यातल्या किती कंपन्यांत त्या आधीच पडताळलेल्या आहेत आणि फक्त नव्या टॅक्स आयडीला जोडायच्या आहेत. जो हा प्रश्न स्वतःहून विचारत नाही त्याला काम येत नाही.

तिसरा जे सुचवतोय ते करू नका. पेशंट तपासला एकाने आणि क्लेमवर नंबर दुसऱ्याचा, हा खोटा क्लेम आहे. त्यासाठीचा फॉल्स क्लेम्स अॅक्ट १८६३ चा आहे, यादवी युद्धात सैन्याला भिकार माल विकणाऱ्या ठेकेदारांसाठी केलेला, आणि आज मेडिकेअरच्या (मुख्यतः पासष्टीपुढच्यांचा सरकारी विमा) प्रकरणांत सर्रास लावतात. नुकसानीच्या तिप्पट वसुली, वर प्रत्येक क्लेममागे दंड. ते पैसे डॉक्टरकडून वसूल होतात, ९९ डॉलरवाला तोवर नंबर बदलून मोकळा झालेला असतो.

बालवैद्य | १० मार्च

मी डॅलसजवळ बालरोगतज्ज्ञ आहे. सगळं स्वतः केलं, एक पैसा दिला नाही. सीएक्यूएचचं (डॉक्टरने आपली माहिती एकदाच भरून ठेवायची ऑनलाइन जागा) प्रोफाइल डॉक्टरला फुकट असतं, एनपीआय फुकट. मेडिकेअरला डॉक्टरांकडून अर्जाचं शुल्क नाही, ते हॉस्पिटलसारख्या संस्थांना असतं. मला तर मेडिकेअर फारसं लागतही नाही, माझे पेशंट पासष्टीचे होईपर्यंत मीच नसेन.

सीएक्यूएच भरायला एक रविवार लागला, मग बहुतेक कंपन्या तिथूनच उचलतात. एक्सेलमध्ये तक्ता केला: कंपनी, अर्जाची तारीख, रेफरन्स नंबर, कोण बोललं, काय म्हणालं. आठवड्यातून एक दुपार फोनला. चार महिन्यांत सहा कंपन्या. रॉकेट सायन्स नाही हो हे.

हिशेबनीस | १० मार्च

बालवैद्य, आदर आहे, पण त्या "एका दुपारी" तुम्ही किती मुलं तपासली असती? मी ह्यूस्टनला बिलिंगचा छोटा धंदा करतो. घरी अर्ज करून नंतर माझ्याकडे रडत आलेले डॉक्टर दर महिन्याला बघतो. अर्ज बहुतेकांना जमतो हो. पुढे पाठपुरावा होत नाही आणि गाडी तिथे अडते.

आणि मंजुरीनंतरचं कोणी सांगत नाही. पैसे खात्यात यायला ईएफटीचा वेगळा अर्ज, हिशेबाचे कागद इलेक्ट्रॉनिक यायला ईआरएचा वेगळा. नाहीतर मंजुरी येते, क्लेम जातात आणि चेक पोस्टाने जुन्या ग्रुपच्या पत्त्यावर. हे कंत्राटात धरलंय का ते तिघांनाही विचारा. १,८०० वाल्याने धरलं नसेल अशी पैज लावतो.

दुसरं, दर. कंपनी जो पहिला कागद पाठवते त्यावर सही करून टाकू नका. तुम्ही जास्तीत जास्त वापरणार ते बिलाचे पंधरा-वीस कोड काढा आणि त्यांचे दर मागा. एकट्या डॉक्टरला फार वाढवून देत नाहीत, पण विचारलंच नाही तर मुळीच देत नाहीत.

एडिसनकर | ११ मार्च

रातराणी, अडीच वाजता कॅबमधून एवढं लिहिलंत, खरंच आभार. बायकोला वाचून दाखवलं. "यादवी युद्धाचा कायदा?" म्हणून हसली, मग तिसऱ्याचा नंबर ब्लॉक केला.

आता आमच्या भानगडी. एक, नाव. एमबीबीएस पुणे विद्यापीठाची, तेव्हा नाशिकचं आरोग्य विद्यापीठ नव्हतं. डिग्रीवर माहेरचं नाव. लग्नात आमच्या आईने तांदळात नवं नाव लिहून घेतलं, आडनावासकट पहिलंही बदललं, राजपत्रात छापून आणलं, पासपोर्ट त्याच नावाने. म्हणजे डिग्रीवरची बाई आणि लायसनवरची बाई यांच्यात एकही शब्द समान नाही. (तिने त्या तांदळाबद्दल मला अजून माफ केलेलं नाही. विषयांतराबद्दल क्षमस्व.)

दोन, २०२२ मध्ये सासरे आजारी होते म्हणून ती सात महिने नगरला होती. ती फट दाखवावी का?

रातराणी | ११ मार्च

तांदळातलं नाव! आमच्या टीममध्ये याला "थाळी केस" म्हणतात. अमेरिकन मॅनेजरला समजावून सांगताना एकदा अर्धा तास गेला होता.

नावाची काळजी तुम्हाला वाटते तेवढी नाही. वहिनी बोर्ड सर्टिफाइड (स्पेशालिटीच्या बोर्डाचं प्रमाणपत्र मिळालेल्या) असतील तर इन्शुरन्स कंपन्या साधारण तिथेच थांबतात, सर्वांत वरचं शिक्षण पडताळलं की त्यांचं भागतं. हॉस्पिटलची प्रिव्हिलेज (तिथे पेशंट बघायची परवानगी) घेताना मात्र मागे एमबीबीएसपर्यंत जातात, तेव्हा ईसीएफएमजी (परदेशी वैद्यकीय डिग्र्या तपासणारी संस्था) यांच्याकडची पडताळणी आणि राजपत्राची प्रत कामाला येते. सीएक्यूएचमध्ये "इतर नावं" असा रकाना आहे, तिथे माहेरचं पूर्ण नाव घाला. हा रकाना रिकामा सोडल्यामुळे अडलेले अर्ज मी मोजायचे सोडून दिलेत.

फट दाखवा. लपवायचं काही नाही त्यात. मागच्या पाच वर्षांचा कामाचा इतिहास बघतात, आणि सहा महिन्यांपेक्षा मोठी फट असली की खुलासा लागतो. "वडिलांच्या आजारपणामुळे भारतात, अमुक महिना ते तमुक महिना" एवढी एक ओळ पुरे. महिना आणि वर्ष दोन्ही लिहा.

जास्त गोंधळ कंपनीच्या नावात होतो. टॅक्स खात्याचं ईआयएनचं, म्हणजे कंपनीच्या टॅक्स आयडीचं, पत्र काढा आणि त्यावर नाव जसं आहे, स्वल्पविराम, एलएलसी, सगळं तसंच्या तसं डब्ल्यू-९ वर (टॅक्स आयडी कळवायचा फॉर्म), बँकेच्या पत्रावर, अर्जावर. पत्त्यातला सूट नंबरही. आणि एनपीआयच्या नोंदीत घरचा पत्ता-फोन दिला असेल तर बदला, ती यादी सगळ्या जगाला उघडी असते. तुम्हाला येणारे फोन तिथूनच येतायत.

आता तारखा. मेडिकेअरची मंजुरी आली की साधारण अर्ज पोचल्याची तारीख किंवा त्या जागेत काम सुरू केल्याची तारीख, यातली नंतरची धरतात, आणि त्याच्या आधीच्या ३० दिवसांपर्यंतचं बिल लावता येतं. उघडण्याच्या ६० दिवस आधी अर्ज करता येतो. १ जूनला उघडताय, म्हणजे २ एप्रिलला अर्ज आत गेला पाहिजे. तुमच्याकडे नोव्हिटास (मेडिकेअरची ठेकेदार कंपनी) बघतं. मंजुरी उशिरा आली तरी क्लेम धरून ठेवून नंतर पाठवता येतात, वर्षाची मुदत असते. खाजगी कंपन्यांचं तसं नाही. त्या बहुतेक मागची तारीख देत नाहीत, त्यांच्या पत्रावर जी इफेक्टिव्ह डेट (लागू होण्याची तारीख) असेल त्याच्या आधी तपासलेला पेशंट फुकट तपासला असं समजा. म्हणून खाजगी अर्ज आजच. तीन ते चार महिने धरून चला.

पीटी_मेघा | १२ मार्च

पेनसिल्व्हेनियातून. मी फिजिओ आहे. एक भर घालते, आमच्यासारख्यांना मेडिकेअर "मध्यम जोखीम" गटात टाकतं, त्यामुळे माणूस प्रत्यक्ष जागा बघायला येतो, न सांगता. माझं क्लिनिक एका जिमच्या मागच्या बाजूला, दारावर पाटी लागायची होती. तो आला, जिमच्या काउंटरवरच्या मुलाला विचारलं, त्याने "इथे कोणी थेरपिस्ट नाही" सांगितलं, तो फोटो काढून गेला. अर्ज नाकारला. मी आत पेशंटचा गुडघा वाकवत होते!

डॉक्टरांना सहसा ही भेट नसते, पण पाटी आधी लावा. आणि आम्हाला डॉक्टरांसारखं मेडिकेअरमधून बाहेर पडण्याचाही पर्याय नाही, त्यामुळे पुन्हा अर्ज, पुन्हा थांबा.

खडूस_काका | १२ मार्च

सगळं छान. पण माझ्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही. हे सगळं पुण्यात बसलेल्या पंचविशीच्या पोराच्या हातात का द्यायचं?

रातराणी | १३ मार्च

काका, पोर पस्तिशीची आहे, आणि तुमचा प्रश्न चुकीचा नाही.

आमच्या मजल्यावर मोबाइल लॉकरमध्ये, कागद-पेन बंद, पेन ड्राइव्ह बंद. माझ्या टेबलावरून नंबर बाहेर जाणं अवघड आहे. तो बाहेर जातो डॉक्टरच्या ईमेलमधून. लायसन, डीईए (नियंत्रित औषधं लिहून द्यायचा परवाना), पासपोर्ट, सगळं एका मेलला जोडून "प्लीज डू द नीडफुल". मी आजवर बघितलेले घोळ तिथले आहेत. काम कुठे होतं हे विक्रेत्याला सरळ विचारा आणि करारात लिहून घ्या. मेडिकेअर अॅडव्हांटेजच्या (मेडिकेअरचा विमा चालवणाऱ्या खाजगी) कंपन्यांना परदेशी उपकंत्राटदारांची माहिती सरकारला द्यावी लागते, काही राज्यांची मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) तर काम देशाबाहेर जाऊच देत नाहीत. जो "वुई आर इन डॅलस" म्हणतो आणि मागे प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू येते, त्याला देऊ नका. खराडी म्हणतो त्याला द्या.

पासवर्ड मात्र कोणालाही देऊ नका, मलासुद्धा. मेडिकेअरच्या पेकोसमध्ये (अर्ज करायचं पोर्टल) सरोगेट, म्हणजे तुमच्या वतीने काम करणारा, नेमता येतो. त्याला स्वतःचं लॉगिन मिळतं, काम झालं की काढून टाकता येतं. "पासवर्ड द्या, सोपं पडेल" म्हणणाऱ्यांना सरोगेट माहीत नसतो किंवा नको असतो.

आणि आता जे सांगतेय ते आमच्या धंद्याबद्दल फार बरं नाही. सीएक्यूएचवर दर १२० दिवसांनी "ही माहिती खरी आहे" असं अॅटेस्ट करावं लागतं. चुकलं तर प्रोफाइल शिळं होतं आणि कंपन्यांची कामं अडतात. हे डॉक्टरने करायचं असतं. माझ्या आधीच्या नोकरीत एका माणसाकडे साठ डॉक्टर होते. कोण प्रत्येकाला फोन करणार? महिन्याच्या पहिल्या सोमवारी साठ लॉगिन उघडायचे, साठदा बटण दाबायचं. त्यात प्रश्न असतात, खटला झाला का, हॉस्पिटलने प्रिव्हिलेज काढली का, व्यसन आहे का. मागच्या वेळी "नाही" होतं, या वेळीही "नाही".

एका डॉक्टरचा मधल्या काळात खटला मिटला होता, पैसे देऊन. क्षुल्लक प्रकरण होतं, खुलासा दिला असता तर कोणी विचारलं नसतं. पण डेटा बँकेत नोंद, आणि अर्जावर तिच्या नावाने "नाही". कंपनीने खटल्यासाठी तिला नाकारलं नाही, खोटं लिहिलं म्हणून नाकारलं. ती फोनवर म्हणाली, "बट आय नेव्हर टिक्ड दॅट." बरोबर होतं तिचं. ते बटण आमच्याच मजल्यावर दाबलं गेलं होतं. तिच्या नावावरचा तो शेरा पुढे प्रत्येक अर्जात तिला सांगावा लागणार. आम्हाला दुसऱ्या दिवशी मेल आला, "प्रोसेस इम्प्रूव्हमेंट" असा विषय टाकून.

म्हणून फॉर्म भरणं, फोनवर थांबणं, तक्ता ठेवणं, दहाव्यांदा तोच डब्ल्यू-९ पाठवणं, हे सगळं बाहेर द्या. त्यात आम्ही खरंच चांगले आहोत, आणि वहिनींचा तास त्यात घालवण्यात अर्थ नाही. शपथेवरचे प्रश्न त्यांनी स्वतः वाचायचे आणि बटण त्यांनीच दाबायचं. जो विक्रेता हे नको म्हणतो तो २५० ला पण महाग.

बालवैद्य | १३ मार्च

मी आत्ता जाऊन माझं अॅटेस्टेशन तपासलं. अकरा दिवस उरलेत. धन्यवाद.

हिशेबनीस | १३ मार्च

रातराणी, +१. एक जोड. अर्जावर "संपर्काची व्यक्ती" म्हणून विक्रेत्याचा एकट्याचा ईमेल देऊ नका, तुमचाही द्या. मेडिकेअरच्या अर्जात काही कमी असलं की मेल येतो आणि उत्तराला ३० दिवस असतात. माझ्या एका ग्राहकाचा मेल नोकरी सोडून गेलेल्या मुलीच्या इनबॉक्समध्ये पडून राहिला. अर्ज रद्द, नवा अर्ज, नवी तारीख. मधल्या अडीच महिन्यांचं मेडिकेअरचं काम धर्मादाय.

सातारी_कंदी_पेढा | १४ मार्च

मी नुसता वाचत होतो, आता माझ्या पुतणीला हा धागा पाठवलाय. तिला नाशिकच्या अशाच एका कंपनीतून ऑफर आहे. रातराणी, रात्रपाळी झेपते का हो?

रातराणी | १४ मार्च

पहिली दोन वर्षं झेपते. मग लग्नात, बारशात, गणपतीत सगळीकडे जांभया. पण इंग्रजी आणि चिकाटी असेल तर पगार बरा. तिला म्हणावं, मुलाखतीत विचार, एका माणसाकडे किती डॉक्टर. साठ म्हणाले तर नको.

एडिसनकर | २३ जुलै

धागा वर काढतोय, काय झालं ते सांगायचं राहून गेलं.

शेवटी २५० वाल्याला दिलं. सौदा करून २०० वर आणलं, ईएफटी-ईआरए धरून. काम चेन्नईत होतं हे त्याने पहिल्याच फोनवर सांगितलं. पासवर्ड दिले नाहीत, सरोगेट केला. २ एप्रिलला मेडिकेअरचा अर्ज गेला. एक मेल आला होता, बँकेच्या पत्रावर स्वल्पविराम नव्हता! तो माझ्याही इनबॉक्समध्ये आला म्हणून तीन दिवसांत उत्तर गेलं. मंजुरी आली, तारीख १ जून.

खाजगीपैकी चार झाल्या. एकीचं पॅनेल आमच्या भागात बंद आहे म्हणाले, हिशेबनीसांच्या सांगण्यावरून पुन्हा पत्र टाकलंय की बायको मराठी, हिंदी आणि थोडी गुजराती बोलते आणि एडिसनमध्ये त्याची गरज आहे. उत्तर नाही. दोन अजून "इन प्रोसेस". त्या कंपन्यांचे पेशंट सध्या आम्ही घेत नाही, रोज दोघा-तिघांना नाही म्हणावं लागतं. जूनचं आणि जुलैचं भाडं खिशातून.

अॅटेस्टेशन तिनेच केलं. सगळे प्रश्न मोठ्याने वाचले, व्यसनाच्या प्रश्नाला "चहा धरतात का" विचारलं.

एक शंका. एका कंपनीच्या पत्रावर सूट १०४ च्या जागी १४० छापलंय. बाकी सगळं बरोबर आहे. सोडून देऊ का?

रातराणी | २४ जुलै

सोडू नका!! क्लेमवर १०४ आणि त्यांच्या नोंदीत १४०, म्हणजे ऑगस्टमध्ये क्लेम परत येणार आणि डिरेक्टरीत बघून पेशंट दुसऱ्याच्याच दारात. आजच प्रोव्हायडर सर्व्हिसला फोन करा, रेफरन्स नंबर घ्या, दुरुस्तीचं पत्र लेखी मागा.

एडिसनकर | २४ जुलै

होल्डवर आहे. चाळीस मिनिटं झाली. काका म्हणतात तसं गाणं चालू आहे.